दगड आणि त्याची चिठ्ठी

हौसेने दगड जमवणाऱ्यांत ढोबळमानाने तीन पंथ दिसतात. पहिला खनिजांचा. या पंथातल्या माणसाला स्फटिक हवा असतो, तोही निसर्गाने घडवला तसाच: कडा न मोडलेला, टोक शाबूत असलेला आणि शक्यतो ज्या खडकात तो वाढला त्याच्या तुकड्यावर बसलेला. दुसरा पंथ जीवाश्मांचा. शंखशिंपले, पानांचे ठसे, माशांचे सांगाडे आणि दगड झालेली लाकडे हे त्याचे विषय. तिसरा खडकांचा. तो संख्येने सर्वांत लहान, कारण ग्रॅनाइटचा किंवा बेसाल्टचा तुकडा कपाटात फारसा उठून दिसत नाही आणि त्यातली गंमत कळायला थोडे तरी भूविज्ञान यावे लागते. या तिघांच्या कडेला आणखी दोन मंडळी असतात. काही जण दगड कापून, घासून त्याला चकाकी आणण्यात रमतात. काही जण एकदोन मिलिमीटरचे स्फटिक छोट्या डबीत बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या दुसऱ्या प्रकाराला जागा आणि पैसा दोन्ही कमी लागतात, आणि लहान स्फटिक मोठ्यांपेक्षा बहुधा जास्त निर्दोष असतात. तरी नवख्यांचे लक्ष त्याकडे क्वचितच जाते.

रत्नांच्या बाजाराशी या छंदाचे नाते वाटते तितके जवळचे नाही. जवाहिऱ्याला दगड पैलू पाडण्यासाठी हवा असतो. संग्राहकाला तो पैलू पाडण्याआधीचा हवा असतो. तज्ज्ञांची मापेही वेगळी. खनिज कोणते, स्फटिकाची ठेवण कशी, त्याच ठिकाणच्या इतर नमुन्यांच्या तुलनेत तो कुठे बसतो आणि मुख्य म्हणजे तो नक्की कुठून आला, हे प्रश्न आधी येतात. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दगडावर लिहिलेले नसते. ते त्याच्यासोबतच्या चिठ्ठीवर असते. खनिजाचे नाव चुकले तरी कोणीही जाणकार पुढे ते दुरुस्त करू शकतो, कारण पुरावा समोर असतो. ठिकाण हरवले की ते बहुधा कायमचे हरवते. चिठ्ठी नसलेला जीवाश्म तर अभ्यासकाच्या दृष्टीने जवळजवळ मुका होतो, कारण कोणत्या थरातून तो निघाला हे कळल्याशिवाय त्याचे वय आणि परिसर सांगता येत नाही. छंदाभोवती उभी राहिलेली मंडळे, मासिके आणि सूची यांची बरीचशी खटपट शेवटी या चिठ्ठीसाठीच असते.

अशा मंडळांचा इतिहास एकोणिसाव्या शतकात सुरू होतो. लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी १८०७ ची. ती विद्वानांची आणि सुखवस्तू पुरुषांची होती. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रीजिस गावात कड्यांखाली जीवाश्म गोळा करून विकणाऱ्या मेरी ॲनिंग (१७९९–१८४७) यांनी इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे उजेडात आणले, त्यांवर त्या सोसायटीत निबंध वाचले गेले, पण स्वतः ॲनिंग यांना तिथे सभासद होता आले नाही. स्त्रियांना ते दार १९१९ मध्ये उघडले. हौशी लोकांसाठी स्वतंत्र संस्था हवी या गरजेतून १८५८ मध्ये लंडनमध्येच जिऑलॉजिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली आणि तिने पहिल्यापासून स्त्रियांना सभासदत्व दिले. व्याख्यान आणि त्याच्या जोडीला प्रत्यक्ष खडकापाशी नेणारी सहल, ही जी रीत तिने पाडली ती आजही जगभरच्या मंडळांत चालते. मुलांसाठी ही संस्था ‘रॉकवॉच’ नावाचा क्लब चालवते.

अमेरिकेत न्यूयॉर्क मिनरॉलॉजिकल क्लब १८८६ मध्ये निघाला. त्याच्या संस्थापकांतले जॉर्ज कुन्झ हे टिफनी या प्रसिद्ध पेढीचे रत्नतज्ज्ञ होते. त्यांनी जमवलेले मोठे संग्रह धनाढ्य बँकर जे. पी. मॉर्गन यांच्यामार्फत न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाला मिळाले, आणि मॉर्गनाइट हे गुलाबी रत्न त्या बँकरच्या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढे गावोगाव क्लब निघाले. १९४७ मध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ मिनरॉलॉजिकल सोसायटीज ही शिखर संघटना झाली. तिच्याखाली सात प्रादेशिक महासंघ आणि त्यांच्याखाली स्थानिक क्लब, अशी तिची उतरंड आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून रसेल सोसायटी खनिजांच्या हौशींना एकत्र आणते. सर आर्थर रसेल या मोठ्या हौशी संग्राहकाचे नाव तिला दिलेले आहे.

क्लबात नेमके होते काय? महिन्यातून एकदा सभा भरते. एखादे व्याख्यान होते, सभासद नवे नमुने टेबलावर मांडतात आणि ‘हे काय आहे?’ यावर वाद घालतात. एकटा माणूस पुस्तकातले चित्र आणि हातातला दगड ताडून पाहत बसला तर महिनोन्महिने चुकत राहतो. ज्याने शंभर कॅल्साइट हाताळले आहेत तो माणूस तीच ओळख क्षणात करून देतो, शिवाय कशावरून हेही सांगतो. पण क्लबाचे सर्वांत व्यावहारिक काम म्हणजे खाणीत प्रवेश मिळवून देणे. चालू खाणीचा मालक एकट्यादुकट्याला आत सोडत नाही. अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हा त्याचा प्रश्न असतो. क्लबाकडे सभासदांचा सामूहिक विमा असतो, हेल्मेट आणि चष्म्याचे नियम असतात आणि बोलायला एक जबाबदार पदाधिकारी असतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी चार तासांची परवानगी मिळते. दगड कापण्याची हिऱ्याच्या पात्याची करवत, घासण्याची चक्रे अशी महाग यंत्रेही अनेक क्लबांकडे सामाईक असतात. शिवाय ग्रंथालय, आणि वर्षाकाठी एक प्रदर्शन.

छापील साधनांत दोन मासिकांची नावे आधी घ्यावी लागतात. ‘रॉक्स अँड मिनरल्स’ हे पीटर झोडाक यांनी १९२६ मध्ये सुरू केले. ‘मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड’ हे १९७० मध्ये सुरू झाले, आणि त्याने हौशी लेखनाला जवळजवळ शोधनिबंधाची शिस्त लावली. एकेका खाणपट्ट्यावर नकाशा, इतिहास, खनिजांची यादी आणि छायाचित्रे यांसह शंभर पानांचा अंक काढायचा, ही त्याची खासियत. दख्खनच्या खनिजांवरचा बर्टोल्ड ओटेन्स या जर्मन अभ्यासकाचा मोठा लेख २००३ मध्ये याच नियतकालिकात आला, आणि महाराष्ट्रातल्या खाणींची सुसंगत माहिती जगभरच्या संग्राहकांना प्रथमच एका जागी मिळाली.

आज मात्र संग्राहक सर्वांत आधी पाहतो तो ‘मिंडॅट’ हा माहितीसाठा. जोलियन राल्फ या इंग्लिश संग्राहकाने १९९३ मध्ये स्वतःच्या संगणकावर खनिजांची यादी करायला घेतली आणि २००० मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. कोणते खनिज कुठे सापडते आणि कोणत्या ठिकाणी काय काय सापडते, अशा दोन्ही बाजूंनी तीत शोध घेता येतो. नोंदी जगभरचे हौशी आणि व्यावसायिक मिळून भरतात. आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघाने मान्य केलेल्या खनिजांची संख्या आता सहा हजारांच्या आसपास आहे. त्यांतली बहुसंख्य इतकी दुर्मीळ आणि सूक्ष्म आहेत की सामान्य संग्राहकाच्या आयुष्यात दीडदोनशेच येतात.

खरेदी-विक्रीची जत्राही या जगाचा भाग आहे. ॲरिझोनातल्या टुसॉन शहरातल्या हौशी मंडळाने १९५५ मध्ये एका प्राथमिक शाळेत छोटे प्रदर्शन भरवले. त्यातून वाढत गेलेला मेळा आज दर फेब्रुवारीत सगळे शहर व्यापतो. मुख्य प्रदर्शन सभागृहात असते, पण खरा बाजार भरतो तो मोटेलांच्या खोल्यांत. पलंग बाहेर काढून तिथे फळ्या मांडतात आणि व्यापारी रात्री त्याच खोलीत झोपतो. युरोपात फ्रान्समधल्या सँत-मारी-ओ-मीन या जुन्या चांदीच्या खाणींच्या गावी जूनमध्ये आणि म्युनिकला शरद ऋतूत असेच मेळे भरतात. या सगळ्या ठिकाणी पुण्या-मुंबईकडच्या व्यापाऱ्यांची टेबले असतात, आणि त्यांच्यावरचा माल बव्हंशी महाराष्ट्रातला असतो.

याचे कारण इथल्या जमिनीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार झाले. आज उरलेले त्याचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि महाराष्ट्राचा जवळजवळ चार-पंचमांश भाग त्याखाली येतो. लाव्हा थंड होताना आतल्या वायूंचे बुडबुडे तसेच अडकून राहिले आणि खडकात पोकळ्या झाल्या. नंतर भेगांमधून झिरपणारे गरम पाणी बेसाल्टमधली सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम विरघळवत गेले आणि पोकळीत पोहोचल्यावर तिच्या भिंतींवर स्फटिक रुजवत गेले. हे एका दमात झाले नाही. काही स्फटिक लाव्हा थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी तयार झाले असावेत, असे वयमापन सांगते. पोकळी मोठी, पाणी संथ आणि वेळ भरपूर, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या की स्फटिकाला वाढायला मोकळी जागा मिळते. दख्खनमध्ये त्या वारंवार जुळल्या.

या पोकळ्यांत सापडणाऱ्या खनिजांचा मोठा गट झिओलाइटचा. स्वीडिश खनिजज्ञ क्रोन्स्टेड यांनी १७५६ मध्ये त्याचे वर्णन केले. याच्या जाळीदार रचनेत पाणी अडकलेले असते. तापवल्यावर ते निघून जाते, तरी जाळी तशीच राहते. त्या जाळीचा उपयोग उद्योगांत गाळणीसारखा होतो, पण तिथे लागणारे झिओलाइट बहुतांशी कारखान्यात बनवलेले असते. संग्राहकाला हवे असतात ते फिकट गुलाबी, गव्हाच्या पेंढीसारखे दिसणारे स्टिलबाइट, शिंपल्याची झाक असलेले हुलंडाइट, पांढऱ्या सुयांचा झुबका असलेले स्कोलेसाइट आणि केसांहून बारीक मेसोलाइट. त्यांच्यासोबत येणारे अपोफिलाइट हे काटेकोरपणे झिओलाइट नाही, पण दख्खनची खरी कीर्ती त्याच्यामुळेच आहे. जळगावकडचे पाण्यासारखे स्वच्छ आणि पुण्याच्या पाषाण परिसरातले हिरवे अपोफिलाइट जगातल्या कोणत्याही मोठ्या संग्रहालयात दिसते. २००१ मध्ये राहुरीजवळच्या मोमीन आखाड्यात विहीर खणताना हिरव्या अपोफिलाइटचे चेंडूसारखे झुबके निघाले, तेव्हा त्यांची चर्चा पुढची काही वर्षे परदेशी मेळ्यांत होत राहिली. विहिरी, रस्त्यांची कामे आणि खडीच्या खाणी हेच इथले शोधाचे मार्ग आहेत. स्फटिकांसाठी म्हणून खाण कोणी काढत नाही. बोरघाटातल्या रेल्वेच्या कामात, म्हणजे १८६३ च्या आधीही, असेच स्फटिक निघाले आणि युरोपात गेले.

वाघोलीची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. कॅव्हान्साइट हे कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचे खनिज. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९६० च्या दशकात ते प्रथम आढळले आणि १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. तिथले नमुने इवलेसे होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींतून त्याचे निळेशार, काटेरी गोळे निघू लागले, तेही पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेले. इतका गडद निळा रंग खनिजांत फार थोड्यांचा आहे. इथे तो व्हॅनेडियममुळे येतो. त्याच घटकांचे पण वेगळ्या रचनेचे पेंटॅगोनाइटही तिथेच मिळाले. वाघोली हे नाव आज ज्या जर्मन किंवा जपानी संग्राहकाला तोंडपाठ असते त्याला पुण्याची दुसरी एकही वस्ती ठाऊक नसते. पुण्यात मात्र वाघोली म्हटले की सदनिकांचे दर आठवतात, आणि तेही स्वाभाविकच आहे, कारण वस्ती आता खाणींना भिडली आहे. मुंबईत हे आधीच घडून गेले. मालाड-कांदिवलीच्या खाणींतून निघालेले बोटांच्या आकाराचे हिरवट प्रेहनाइट आणि कापसाच्या बोंडासारखे ओकेनाइट परदेशी कपाटांत आहेत. त्या खाणींच्या परिसरात आता इमारती आहेत.

चिठ्ठीचा घोळ दख्खनच्या मालात जितका झाला तितका क्वचितच कुठे झाला असेल. खाणकामगाराच्या हातून स्थानिक खरेदीदाराकडे, तिथून शहरातल्या व्यापाऱ्याकडे आणि मग परदेशात, असा नमुन्याचा प्रवास असतो. मधल्या माणसाला आपला स्रोत लपवायचा असतो, कारण ठिकाण कळले की स्पर्धक तिथे पोहोचतो. म्हणून दशकानुदशके जळगाव, नाशिक, अहमदनगर कुठलाही स्फटिक असला तरी चिठ्ठीवर ‘पूना, इंडिया’ एवढेच लिहिले गेले. जुन्या परदेशी संग्रहांत या दोन शब्दांचे नमुने ढीगभर आहेत आणि त्यांतले पुण्याचे किती, हे कोणी सांगू शकत नाही. शहरांची आणि जिल्ह्यांची नावे बदलली की आणखी एक गुंता होतो. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर. जाणकार संग्राहक अशा वेळी जुनी चिठ्ठी फाडत नाही. तिच्यासोबत नवी जोडतो.

चिठ्ठी मुद्दाम खोटी लिहिली तर काय होते, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. आर्थर किंग्जबरी (मृत्यू १९६८) या ब्रिटिश खनिजतज्ज्ञाने ब्रिटनमध्ये अनेक दुर्मीळ खनिजे सापडल्याचे जाहीर केले. त्याचा संग्रह लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात गेला. त्यातल्या कित्येक नमुन्यांची ठिकाणे बनावट असल्याचे तीसेक वर्षांनी सिद्ध झाले आणि ब्रिटिश खनिजांची यादी पुन्हा तपासावी लागली. दुसरे उदाहरण भारतातले, आणि जास्त गंभीर. पंजाब विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने सुमारे पाव शतक हिमालयातले म्हणून प्रसिद्ध केलेले अनेक जीवाश्म प्रत्यक्षात मोरोक्को, अमेरिका अशा ठिकाणचे असल्याचे जॉन टॅलेंट या ऑस्ट्रेलियन पुराजीवशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. मोरोक्कोतले तसलेच जीवाश्म पॅरिसच्या दुकानांत विकत मिळत होते. हिमालयाच्या भूविज्ञानातल्या त्या नोंदी निस्तरायला इतरांचा बराच काळ गेला. बाजारातली फसवणूक याच्या मानाने किरकोळ असते: पांढऱ्या ओकेनाइटला गुलाबी किंवा निळा रंग देणे, कॅव्हान्साइटचा सुटा गोळा गोंदाने स्टिलबाइटवर बसवणे, जांभळा ॲमेथिस्ट तापवून पिवळा करून विकणे. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली गोंद बहुतेक वेळा दिसतो. अतिनील दिव्याखाली काही गोंद चमकतातही. तोच दिवा नाशिककडच्या पॉवेलाइटसाठी कामी येतो. ते खनिज त्याखाली पिवळसर उजळते.

जीवाश्मांच्या बाबतीत महाराष्ट्र झिओलाइटइतका श्रीमंत नाही, कारण लाव्ह्यात जीवाश्म टिकत नाहीत. पण लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये मधल्या काळातल्या तळ्यांचा गाळ सापडतो, आणि त्यात जीवसृष्टी जपली गेली आहे. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या अशा थरातून छोट्या बेडकांचे सांगाडे निघाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतले शंख, बिया आणि फळे स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केली. हे नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी. भूविज्ञान हा त्यांचा पेशा नव्हता. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना नदीच्या पुरात ते वाहून गेले. हिस्लॉप कॉलेजमुळे त्यांचे नाव नागपुरात रोज घेतले जाते. कॅल्साइटच्या एका हिरव्या प्रकाराला हिस्लोपाइट म्हणतात हे त्या मानाने थोड्यांना ठाऊक असते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचे जीवाश्म तर विष्ठेचे आहेत. तिथल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण मिळाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डायनोसॉरांच्या काळात गवत होते हे त्यातून स्पष्ट झाले. दिसायला कुरूप, कपाटात कोणी मांडणार नाही असा हा माल. विज्ञानाला मात्र स्फटिकांपेक्षा तो जास्त काही सांगून गेला.

म्हणूनच जीवाश्म कोणी उचलावेत यावर बहुतेक देशांत नियम आहेत, आणि ते एकसारखे नाहीत. अमेरिकेत केंद्राच्या सार्वजनिक जमिनीवरून अश्मीभूत लाकूड दिवसाला २५ पौंड आणि वर्षाला २५० पौंडांपर्यंत स्वतःसाठी नेता येते. पृष्ठवंशी प्राण्यांच्या जीवाश्माला हात लावायला परवाना लागतो. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर समुद्र कडे ढासळवतच असतो, म्हणून तिथे सैल पडलेले गोळा करायला मुभा आहे, पण महत्त्वाचा जीवाश्म नोंदवावा असा संकेत पाळतात. डेन्मार्कने १९९० पासून असामान्य जीवाश्म सरकारचा मानला आणि शोधणाऱ्याला मोबदला देण्याची सोय केली. या तिन्हींत डेन्मार्कची तोड सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तीत वस्तू लपवण्याचे कारणच उरत नाही. भारतात भूवारशासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये मांडला होता. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांतून दगड उचलता येत नाही. लोणार विवरासारखी राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारके ही तर पाहण्याचीच ठिकाणे आहेत. उरलेल्या ठिकाणी जमीनमालकाची किंवा खाणपट्टाधारकाची परवानगी हा पहिला नियम.

पक्षी पाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १८८३ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, तारे पाहणाऱ्यांसाठी पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था. किल्ल्यांच्या नावाने तर गल्लोगल्ली गट आहेत, आणि ते सगळे याच बेसाल्टवर चढतात. दगड जमवणाऱ्यांची मंडळे तशी रुजली नाहीत. व्यापार लवकर आला आणि हौस मागे राहिली, हे त्याचे एक कारण असावे. खाणीतला स्फटिक पाहणाऱ्याआधी विकत घेणारा तिथे हजर असतो. भूविज्ञान शिकवणारी महाविद्यालये मोजकी असणे, हे दुसरे.

तरीही साधने आहेत. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतले गारगोटी संग्रहालय दख्खनची खनिजे एका ठिकाणी पाहण्यासाठी उत्तम. पुस्तकातल्या चित्रापेक्षा तिथली एक दुपार जास्त शिकवते. मराठी विश्वकोशात बहुतेक मुख्य खनिजांवर स्वतंत्र नोंदी आहेत, कठिनता, पाटन, विशिष्ट गुरुत्व अशा परिभाषेसह. मराठीत या विषयावर इतके भरवशाचे दुसरे काही सहज मिळत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण (स्थापना १८५१) आपले नकाशे ‘भूकोश’ या संकेतस्थळावर खुले ठेवते, त्यावरून आपल्या तालुक्याखाली कोणता खडक आहे ते पाहता येते. बंगळूरच्या जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने काढलेले ‘जिऑलॉजी ऑफ महाराष्ट्र’ हे ग. गो. देशपांडे यांचे पुस्तक पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असले तरी जिज्ञासूला झेपते. महाविद्यालयांच्या भूविज्ञान विभागांत लहान संग्रह असतात आणि विनंती केल्यास ते पाहायला मिळू शकतात.

ओळख पटवण्याच्या प्राथमिक कसोट्या घरी करता येतात. मोह्‌स यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या दहा अंकांच्या कठिनता श्रेणीत नखाची कठिनता सुमारे अडीच, पोलादी चाकूची साडेपाचच्या आसपास आणि गारगोटीची सात. पांढरा स्फटिक चाकूने ओरखडला आणि त्यावर टाकलेल्या सौम्य आम्लाच्या थेंबाने फसफसला तर तो कॅल्साइट. काचेवर ओरखडा काढत असेल तर क्वार्ट्‌झ असण्याची शक्यता मोठी. अपोफिलाइट एकाच दिशेने सपाट फुटते आणि त्या पृष्ठाला मोत्याची झळाळी असते. हातोडी वापरताना डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि सुताराची हातोडी नको. तिच्या पोलादाचे तुकडे उडतात. खाणीच्या उभ्या कड्याखाली थांबू नये. सुरुंगाने सैल झालेले दगड उशिराही सुटतात.

घरी आणलेला नमुना धुण्याआधी तो काय आहे हे कळलेले बरे. ओकेनाइटचा कापूस पाण्याने कायमचा चिकटून बसतो. लॉमॉन्टाइट कोरड्या हवेत पाणी गमावून भुसभुशीत होते. ॲमेथिस्ट उन्हात फिका पडतो, पायराइट दमट हवेत गंधकाचे आम्ल सोडत फुटते आणि सोबतचे पुठ्ठ्याचे खोकेही खाते. झिओलाइट तीव्र आम्लात घालू नये. कोकणातल्या पावसाळ्यात झाकणाच्या डब्या आणि सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात.

नोंदवही पहिल्या नमुन्यापासून ठेवतात. दगडाच्या मागच्या, नजरेत न येणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावून त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहायचा आणि तोच क्रमांक वहीत. पुढे खनिजाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, खाण की विहीर की रस्त्याची खोदाई, तारीख, कोणाकडून मिळाला आणि मिळाला तेव्हाची जुनी चिठ्ठी. ठिकाणाची खात्री नसेल तर ‘विक्रेत्याच्या सांगण्यानुसार’ असे लिहितात. अंदाज खात्रीसारखा लिहीत नाहीत. संग्राहकाच्या पश्चात घरच्यांना त्या दगडांतले काही कळत नाही, आणि बहुतेक खासगी संग्रह तिथेच विखुरतात. वही असेल तर महाविद्यालय किंवा संग्रहालय तो संग्रह अभ्यासासाठी स्वीकारू शकते. वही नसेल तर तो फार तर शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना हाताळायला दिला जातो.